तुमचे प्रश्न : रोबेर्तो क्लेमेंते आणि २१ नंबरची जर्सी

मागच्या अंकात अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या पुलांवर लिहिताना मी एक वाक्य जाता जाता लिहिलं होतं : अ‍ॅलेगेनी नदीवरच्या एका पिवळ्या पुलाला रोबेर्तो क्लेमेंते या बेसबॉलपटूचं नाव आहे. उरलेल्या लेखापेक्षा त्या वाक्यावरच जास्त पत्रं आली. म्हणून या वेळचं सगळं सदर क्लेमेंतेला दिलं आहे. मी १९७१ च्या ऑगस्टमध्ये मिरजेहून इथल्या विद्यापीठात धातुशास्त्र शिकायला आलो आणि इथलाच झालो. क्लेमेंतेच्या कारकिर्दीचा शेवटचा टप्पा मला बघायला मिळाला, हे माझं भाग्य. पत्रं थोडी कापली आहेत, प्रश्न तेच ठेवलेत.

प्रश्न : आपल्याकडे पुलांना पुढाऱ्यांची नाहीतर संतांची नावं. तिथे खेळाडूचं नाव द्यावं इतकं या माणसाने काय केलं? (नाशिक)

आधी नुसती माहिती देतो, मग बाकीच्या पत्रांत हळूहळू आत शिरू.

रोबेर्तो क्लेमेंते वॉकर. जन्म १८ ऑगस्ट १९३४, पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरच्या कारोलिना गावात. वडील मेल्चोर उसाच्या मळ्यावर मुकादम होते. सात भावंडांत हा धाकटा. १९५५ ते १९७२ अशी अठरा वर्षं तो पिट्सबर्ग पायरेट्स या एकाच संघाकडून खेळला. १९६० आणि १९७१ अशा दोन वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाच्या शेवटी होणाऱ्या अजिंक्यपदाच्या मालिका, त्याच्या संघाने जिंकल्या. दोन्ही मिळून चौदा सामने झाले आणि चौदाही सामन्यांत त्याने हिट मारली (हिट म्हणजे काय, ते पुढच्या पत्रात). बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगांपैकी नॅशनल लीगमधला सर्वोत्तम सरासरीचा मान चार वेळा मिळाला : १९६१, १९६४, १९६५ आणि १९६७. १९६६ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू. क्षेत्ररक्षणासाठीचा गोल्ड ग्लोव्ह सलग बारा वर्षं. नेमक्या ३००० हिट. आणि ३१ डिसेंबर १९७२ ला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान समुद्रात कोसळून तो गेला.

पुलाला नाव १९९८ मध्ये मिळालं. त्या सुमारास शहरात नवं मैदान होणार होतं. लोकांना त्याला क्लेमेंतेचं नाव हवं होतं, पण नावाचे हक्क एका बँकेने घेतले. मग मैदानाच्या दारात जाणाऱ्या पुलाला त्याचं नाव दिलं. सामन्याच्या दिवशी पूल गाड्यांना बंद असतो, माणसं चालत जातात. माझ्या मते मैदानापेक्षा पूलच बरा. मैदान तिकीट काढणाऱ्याचं, पूल सगळ्यांचा.

प्रश्न : इंटरनेटवर बघितलं तर त्याची सरासरी .३१७ दिसते. म्हणजे दहातले सात वेळा हा फेल? आमच्या इथे सचिनची सरासरी सांगितली की लोक गप्प बसतात. ही सरासरी ऐकून सगळे हसले. (कोल्हापूर)

हसू द्या, पण मग त्यांना हे सांगा.

क्रिकेटच्या सरासरीत धावा मोजतात. बेसबॉलच्या सरासरीत, बॅटिंगला आलेला माणूस स्वतःच्या फटक्यावर किती वेळा सुखरूप बेसवर पोचला, हे मोजतात. असा फटका म्हणजे हिट. बेस म्हणजे मैदानातल्या चौकोनाचे कोपरे. मारायच्या जागेवरून, म्हणजे प्लेटवरून, निघून तिन्ही बेसला शिवून परत प्लेटवर आलं की एक धाव. क्लेमेंतेने ९,४५४ वेळा प्रयत्न केला आणि ३,००० वेळा पोचला. भागाकार करा, .३१७ येतात. पूर्ण कारकिर्दीत .३०० च्या वर राहिलेला माणूस थोरांच्या पंगतीत बसतो.

इतकं कमी का, तर खेळच तसा आहे. पिचर १८.४४ मीटरवरून, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीहूनही कमी अंतरावरून फेकतो. चांगल्या पिचरचा चेंडू ताशी १४५ किलोमीटरच्या पुढे असतो आणि टप्पा न पडता येतो. बॅट गोल, चेंडूही गोल, त्यामुळे मध्यावर मध्य बसला तरच फटका. मागे मारायची सोय नाही. लेग ग्लान्स नाही, लेट कट नाही. समोरच्या काटकोनातच मारायचं, आणि तिथे आठ जण ग्लोव्ह घालून उभे. झेल गेला तर आउट. जमिनीवरून गेला तरी तुमच्याआधी चेंडू पहिल्या बेसवर पोचला की आउट. नुसतं खेळून काढू, सेट होऊ, असं म्हणायला जागाच नाही. तीन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले किंवा सोडून दिलेले चांगले चेंडू, झाले की परत.

क्लेमेंतेची उभं राहायची पद्धत शिकवणाऱ्यांना पटेल अशी अजिबात नव्हती. तो प्लेटपासून लांब उभा राहायचा, जड बॅट वापरायचा, आणि इतर जण सोडून देतील असे बाहेरचे, डोक्याच्या उंचीचे चेंडूही मारायचा. बॅटिंगला येताना मान एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला अशी सावकाश फिरवायचा. पाहणाऱ्याला वाटे ऐट आहे. १९५४ च्या डिसेंबरात, पोर्तो रिकोत, एका दारू प्यालेल्या माणसाने त्याच्या गाडीला धडक दिली होती आणि पाठीचे मणके कायमचे दुखावले होते. मान फिरवल्याशिवाय त्याला उभं राहता येत नसे. पुढची सगळी कारकीर्द त्या पाठीवर झाली.

एक फटका मात्र सांगतोच. २५ जुलै १९५६, पिट्सबर्गचं जुनं मैदान फोर्ब्ज फील्ड, समोर शिकागो कब्ज. शेवटची इनिंग, पायरेट्स ५, कब्ज ८. तिन्ही बेसवर आपली माणसं, एकही आउट नाही. नवा पिचर जिम ब्रॉस्नन आला आणि क्लेमेंतेने त्याचा पहिलाच चेंडू डावीकडे खोल, दिव्याच्या मनोऱ्याकडे मारला. चेंडू कुंपणाबाहेर गेला नव्हता. तिघे धावून आले, ८-८ झाले. तिसऱ्या बेसपाशी मॅनेजर बॉबी ब्रॅगन दोन्ही हात वर करून थांब म्हणत होता. थांबणंच शहाणपणाचं होतं. एकही आउट नाही, पुढचा माणूस त्याला सहज आणू शकला असता. क्लेमेंते थांबला नाही. ब्रॅगनला ओलांडून धावला, घसरला, प्लेट चुकली, परत वळून हात टेकवला. ९-८. चेंडू मैदानातच असताना चार धावा काढून असा सामना संपवणारा मोठ्या लीगच्या इतिहासात तो एकटाच.

हसणाऱ्यांना हे सांगा आणि मग सरासरीचा विषय काढा.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या शाळेची सॉफ्टबॉलची टीम आहे. सर मला राइट फील्डला उभं करतात. तिथे बॉल येतच नाही. तुमचा खेळाडू पण राइट फील्डला होता असं आईने वाचून दाखवलं. मग तो काय करायचा? (सातारा)

तुझं पत्र मला सगळ्यात आवडलं, म्हणून नीट उत्तर देतो.

शाळेच्या खेळात राइट फील्डला, म्हणजे मैदानाच्या मागच्या उजव्या भागात, कच्चा खेळाडू ठेवतात, कारण बरेचसे उजव्या हाताचे बॅटर डावीकडे मारतात. मोठ्या खेळात उलटं आहे. मैदानाचा नकाशा काढून बघ. राइट फील्डपासून सगळ्यात लांबचा बेस कुठला? तिसरा. पहिल्या बेसवरचा धावणारा, उजवीकडे फटका गेला की सरळ तिसऱ्यावर जायला बघतो, कारण तुझ्याकडून तिसऱ्यावरची फेक लांबलचक असते. म्हणून संघातला सगळ्यात जोरदार हात तिथे हवा.

क्लेमेंते शाळेत असताना भालाफेक करायचा. तो हात त्याने राइट फील्डला आणला. फोर्ब्ज फील्डच्या उजव्या बाजूची भिंत त्याने पाठ केली होती. खाली सिमेंट, वर जाळी. सिमेंटला लागला तर चेंडू किती उडेल, जाळीला लागला तर किती खाली मरेल, हे बघून तो चेंडू भिंतीला लागायच्या आधीच योग्य जागी उभा असायचा. चेंडू हातात आला की पूर्ण अंगाने वळून, कधी पाय हवेत असतानाच, थेट तिसऱ्या बेसवर नाहीतर प्लेटमागच्या कॅचरकडे. मी पायरेट्सच्या नंतरच्या मैदानावर, थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये, वरच्या स्वस्त बाकांवर बसून हे बघितलंय. चेंडू हवेत असतानाच धावणारा ब्रेक लावायचा आणि परत फिरायचा. तो आउट झालेला नसतो, त्याचा आकडा कुठेच लागत नाही, पण एक धाव वाचलेली असते. जे थांबले नाहीत त्यांचा हिशेब आहे : आउटफील्डमधून फेकून लोकांना आउट करण्यात त्याचा वाटा २६६ वेळा.

तेव्हा तू तीन गोष्टी कर. बॅटरकडे बघत असताना पहिल्या बेसवर कोण आहे ते विसरू नकोस. प्रत्येक चेंडूला दोन पावलं पुढे सरक, चेंडू येवो न येवो. आणि सरांना सांगून सराव संपल्यावर राइट फील्डवरून तिसऱ्या बेसवर फेकायचा सराव कर, एका टप्प्यात पोचला तरी चालेल. मार्चनंतर मला परत पत्र लिही.

प्रश्न : मी पुण्यात कायद्याचं शिक्षण घेतोय. अमेरिकेत खेळाडूंचा 'ड्राफ्ट' होतो म्हणजे नेमकं काय? खेळाडूला विचारतात का? क्लेमेंते पिट्सबर्गलाच का गेला? (पुणे)

खेळाडूला विचारत नसत. क्लेमेंतेची गोष्ट तर तुमच्या अभ्यासाच्या कामाची आहे.

१९५४ च्या सुरुवातीला ब्रुकलिन डॉजर्स संघाने त्याच्याशी करार केला : दहा हजार डॉलर बोनस, पाच हजार पगार. नंतर दुसऱ्या एका संघाने कितीतरी जास्त रक्कम पुढे केली. पण शब्द दिला गेला होता आणि तो आईवडिलांनी पाळायला लावला. तेव्हाचा नियम असा की चार हजारांहून जास्त बोनस दिलेला नवा खेळाडू मुख्य संघातच ठेवायचा. खाली दुय्यम लीगमध्ये पाठवला तर हंगामानंतर दुसरा कुठलाही संघ त्याला उचलू शकतो. श्रीमंत संघांनी पोरं विकत घेऊन साठवून ठेवू नयेत म्हणून हा नियम. डॉजर्सने तरी त्याला खाली, कॅनडातल्या माँट्रियलला पाठवलं आणि तिथे बहुतेक बाकावरच बसवलं. बाकीच्यांच्या नजरेत येऊ नये म्हणून लपवला, असं तेव्हापासून बोललं जातं. एकोणीस वर्षांचा पोरगा, इंग्रजी येत नाही, फ्रेंच येत नाही, थंडी, आणि खेळायला मिळत नाही. घरी परत जायच्या गोष्टी करू लागला होता.

पायरेट्ससाठी खेळाडू हेरणारा क्लाइड स्यूकफोर्थ तिथे एका पिचरला बघायला गेला होता. सामन्याआधी सराव करताना राइट फील्डवरून येणाऱ्या फेकी त्याने बघितल्या आणि पिचरला विसरला. पायरेट्स त्या वर्षी तळाला होते, त्यामुळे पहिली निवड त्यांची. २२ नोव्हेंबर १९५४ ला चार हजार डॉलर भरून त्यांनी क्लेमेंतेला उचललं. निर्णय घेणारा होता ब्रँच रिकी, ज्याने डॉजर्समध्ये असताना जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूला आणून गोऱ्यांच्या बेसबॉलचं दार उघडलं होतं. क्लेमेंते कुठे राहणार, कोणासाठी खेळणार, हे ठरवणाऱ्या सगळ्या बैठकांत क्लेमेंते नव्हता.

आता कायद्याचा भाग. त्या काळच्या प्रत्येक करारात एक कलम असे, ज्यामुळे करार संपला तरी खेळाडू त्याच संघाचा राही. संघ त्याला विकू शके, बदली करू शके. खेळाडूने नाही म्हटलं तर घरी बसायचं. १९६९ मध्ये कर्ट फ्लड या खेळाडूने बदलीला नकार देऊन खटला भरायचं ठरवलं. खेळाडूंच्या संघटनेची बैठक डिसेंबरात सान हुआनला, क्लेमेंतेच्या बेटावर झाली. क्लेमेंते तिथे पायरेट्सचा प्रतिनिधी होता आणि फ्लडच्या बाजूने उभा राहिला. त्याने आपलंच उदाहरण दिलं, की मला न विचारता मी कुठून कुठे गेलो. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फ्लड ५-३ ने हरला. ते कलम शेवटी १९७५ मध्ये लवादाच्या निकालाने मोडलं. 'फ्लड विरुद्ध कून' हा निकाल मुळातून वाचा. न्यायमूर्ती बेसबॉलवरच्या प्रेमापुढे कायदा कसा वाकवतात हे त्यात दिसेल, आणि मला अजूनही त्याचा राग येतो.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा सहावीत आहे. त्याच्या नावाचा शाळेत चुथडा करतात, डब्याला नाकं मुरडतात. तो म्हणतो, मला एक सोपं नाव ठेव. हे म्हणतात, ठेवू या, त्यात काय. मला पटत नाही. तुमच्या या खेळाडूला असं काही सोसावं लागलं का? (एडिसन, न्यू जर्सी)

ताई, अठरा वर्षं सोसावं लागलं, आणि तो एक दिवसही गप्प बसला नाही.

त्याचं नाव रोबेर्तो. वर्तमानपत्रं, रेडिओ, मैदानावरचे निवेदक त्याला बॉब नाहीतर बॉबी म्हणत. पोरं गोळा करतात त्या बेसबॉल कार्डांवर कितीतरी वर्षं 'बॉब क्लेमेंते' असंच छापून येई. तो प्रत्येकाला सांगे, माझं नाव रोबेर्तो आहे. त्याचं इंग्रजी तुटक होतं, स्पॅनिश वळणाचं. बातमीदार त्याची वाक्यं मुद्दाम वेडीवाकडी स्पेलिंगं करून छापत, म्हणजे वाचणाऱ्याला तो अडाणी वाटावा. या बातमीदारांपैकी कितीजणांना स्पॅनिशमध्ये एक वाक्य बोलता येत होतं, असा प्रश्न तो उलटा विचारे. पाठ दुखते म्हणून सांगितलं तर कामचुकार म्हणत. गोऱ्या खेळाडूने दुखऱ्या पायाने खेळलं की तो शूर ठरे.

हे झालं नावाचं. सरावासाठी संघ फ्लोरिडात फोर्ट मायर्सला जाई तेव्हा गोरे खेळाडू हॉटेलात आणि काळे खेळाडू, त्यांत क्लेमेंतेही, गावाच्या दुसऱ्या टोकाला कोणाच्या तरी घरी. वाटेत जेवायला बस थांबली की गोरे आत, काळे बसमध्ये, आणि आतून कोणी काही बांधून आणलं तर खायचं. क्लेमेंते स्वतःच्या गावात असं कधी जगलेला नव्हता. त्याने असं आणलेलं खायला नकार दिला, बरोबरच्यांनाही खाऊ नका म्हणाला, आणि व्यवस्थापनाकडे भांडून काळ्या खेळाडूंसाठी वेगळी गाडी मिळवली. मार्टिन ल्यूथर किंग त्याच्या ओळखीचे होते, पोर्तो रिकोतल्या त्याच्या शेतावर येऊन गेले होते. एप्रिल १९६८ मध्ये त्यांची हत्या झाली तेव्हा अंत्यविधी होईपर्यंत आम्ही खेळणार नाही, असं पायरेट्सच्या खेळाडूंनी ठरवलं, त्यात क्लेमेंते पुढे होता. हंगामाची सुरुवात पुढे गेली.

तुमच्या मुलाला मात्र यातलं एक जरूर सांगा. १७ ऑक्टोबर १९७१, बाल्टिमोर. पायरेट्सने वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना २-१ ने जिंकला, त्यातली पहिली धाव क्लेमेंतेच्या होम रनची. पूर्ण मालिकेत .४१४ सरासरी, मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच, वय सदतीस. सामन्यानंतर टीव्हीवर मुलाखत घ्यायला त्याला उभं केलं. सगळा अमेरिका देश बघतोय. तो म्हणाला, इंग्रजीत बोलायच्या आधी मला आईवडिलांशी स्पॅनिशमध्ये बोलायचंय. आणि बोलला : आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी मुलांना माझा आशीर्वाद, आणि आईवडिलांनी मला आशीर्वाद द्यावा.

मी तेव्हा दोनच महिन्यांपूर्वी मिरजेहून आलेला. विद्यार्थ्यांच्या हॉलमध्ये गर्दीत उभा राहून बघत होतो. स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता. शेजारच्या कोलंबियाच्या मुलाने अर्थ सांगितला आणि मला घरी वाकून नमस्कार करून निघालो तो क्षण आठवला. आपली भाषा, आपली रीत इतक्या उघडपणे, इतक्या लोकांपुढे कोणी वापरू शकतं, हे मी इथे पहिल्यांदा बघितलं. त्यानंतर मी माझं आडनाव कोणाला आखूड करू दिलं नाही.

मुलाचं नाव बदलू नका. शिक्षकांना एकदा भेटा, उच्चार लिहून द्या, आणि मुलासमोर द्या.

प्रश्न : किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. मदत खूप आली, पण कोणाला पोचली, कोणाला नाही, हेही बघितलं. एवढा मोठा खेळाडू, पैसे देऊन बसू शकला असता. स्वतः का गेला? त्यात काय अर्थ होता? (उमरगा, जि. धाराशिव)

तुम्ही जे चौदाव्या वर्षी बघितलंत तेच त्याने ऐकलं, म्हणून तो गेला.

२३ डिसेंबर १९७२ ला, मध्यरात्र उलटल्यावर, निकाराग्वाची राजधानी मानाग्वा हादरली. हजारो माणसं गेली, शहराचा मधला भाग राहिलाच नाही. क्लेमेंतेसाठी ते नकाशावरचं नाव नव्हतं. नोव्हेंबरात तो पोर्तो रिकोचा हौशी संघ घेऊन तिथे गेला होता. पाय गेलेल्या एका मुलाला भेटून त्याच्या कृत्रिम पायांची सोय लावून आला होता. भूकंप झाल्यावर त्याने सान हुआनच्या स्टेडियमवर मदत गोळा करायला सुरुवात केली. नाताळ घरी झालाच नाही. टीव्हीवर आवाहन, दारोदार फिरणं, ट्रक भरणं. विमानं पाठवली. मग निरोप आला की सोमोसाचे सैनिक विमानतळावरच मदत अडवून ठेवतायत, लोकांपर्यंत पोचत नाही. सोमोसा घराण्याचं तिथे राज्य होतं. क्लेमेंतेला वाटलं, मी स्वतः बरोबर असलो तर माझ्यासमोर हात लावायची त्यांची हिंमत होणार नाही. त्या प्रदेशात त्याला न ओळखणारा माणूस नव्हता, तेव्हा हा हिशेब भाबडा नव्हता.

विमान जुनं मालवाहू डीसी-७. त्याच महिन्याच्या सुरुवातीला जमिनीवरच त्याला अपघात झाला होता. वजन परवानगीपेक्षा चार हजार पौंडांनी जास्त. ३१ डिसेंबरच्या रात्री उड्डाण झालं आणि काही मिनिटांत किनाऱ्याजवळ समुद्रात पडलं. पाच जण होते. क्लेमेंतेचा देह सापडला नाही. संघातला त्याचा जिवलग मित्र, कॅचर मॅनी सँगियेन, प्रार्थनासभेला गेला नाही. तो पाणबुड्यांबरोबर समुद्रात उतरून शोधत होता.

लोक याला हौतात्म्य म्हणतात आणि थांबतात. मी थांबत नाही. ते विमान उडायला नको होतं. वजन बघायचं, इंजिन बघायचं काम ज्यांचं होतं त्यांनी ते केलं नाही. एका चांगल्या माणसाच्या घाईचा फायदा घेऊन एक मोडकं विमान भाड्याने दिलं गेलं. बायको व्हेरा आणि तीन लहान मुलं मागे राहिली. हा राग धरूनच त्याची आठवण काढली पाहिजे, असं मला वाटतं.

आणि तुम्ही विचारता तसा अर्थ. बसमध्ये आणून दिलेलं न खाणारा, बॉब म्हटल्यावर रोबेर्तो म्हणून दुरुस्त करणारा, मॅनेजर थांब म्हणताना धावणारा माणूस आणि त्या विमानात चढलेला माणूस एकच आहे. समोर अन्याय होतोय आणि आपण बाजूला बसलोय, हे त्याला जमतच नव्हतं. शांत, सोज्वळ संत म्हणून आज त्याची चित्रं काढतात. तो तसा नव्हता. तापट, मानी, लवकर दुखावणारा होता, आणि माझ्या मते म्हणूनच गेला.

हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, यायला निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं. त्याच्यासाठी नियम बाजूला ठेवून मार्च १९७३ मध्ये मतदान झालं : ४२४ पैकी ३९३ मतं. लॅटिन अमेरिकेतला पहिला खेळाडू.

प्रश्न : त्याच्या नेमक्या ३००० हिट कशा? मुद्दाम थांबला का? (सोलापूर)

नाही. २९ सप्टेंबर १९७२ ला एक फटका हिट वाटला, लोक उठून टाळ्या वाजवू लागले, पण अधिकृत नोंद करणाऱ्याने ती क्षेत्ररक्षकाची चूक ठरवली. क्लेमेंते चिडला होता. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, न्यूयॉर्क मेट्सच्या जॉन मॅटलॅकला डावीकडे खोल मारून तो दुसऱ्या बेसवर उभा राहिला. अंपायरने चेंडू हातात आणून दिला, त्याने हेल्मेट उचललं. स्टेडियम अर्धंसुद्धा भरलेलं नव्हतं, जेमतेम तेरा हजार माणसं. मी प्रयोगशाळेत भट्टीशेजारी रेडिओ लावून ऐकत होतो. त्यानंतर लीगमध्ये त्याने बॅट धरलीच नाही, संघाला पुढच्या फेरीसाठी ताजा हवा होता. पुढच्या वर्षी खेळणार होता.

प्रश्न : भारतातलं कोणी या खेळात पोचलंय का? (नागपूर)

मोठ्या लीगपर्यंत नाही. पण २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन मुलांनी चेंडू फेकण्याची एक स्पर्धा गाजवली आणि अमेरिकेत करार मिळवला. संघ कुठला? पिट्सबर्ग पायरेट्स. आणि दोघेही मुळात भालाफेकीचे, क्लेमेंतेसारखे. दोघे दुय्यम लीगमध्ये खेळले, रिंकू जास्त वर्षं टिकला, मग दुखापतींनी अडवलं. आपल्या जिल्ह्या-जिल्ह्यांत भालाफेकीची पोरं आहेत, हे शिक्षकांनी लक्षात घ्यावं.

प्रश्न : मुलगी पिट्सबर्गला शिकायला गेली आहे. आम्ही दोघं मे महिन्यात जातोय. क्लेमेंतेचं काय बघता येईल? (डोंबिवली)

मुलगी ओकलंड भागात असेल तर सगळं पायाशीच आहे. फोर्ब्ज फील्ड मी आलो तेव्हा पाडत होते, पण आउटफील्डच्या भिंतीचा एक तुकडा विटांसकट अजून उभा आहे. विद्यापीठाच्या पॉसव्हार हॉलमध्ये जमिनीत काचेखाली जुनी होम प्लेट दिसते. विचारलं की कोणीही दाखवतं. मग बसने गावात या आणि पूल चालत ओलांडा. पलीकडे मैदानाबाहेर त्याचा पुतळा आहे. आत गेलात तर उजवीकडची भिंत बघा, ती २१ फूट उंच ठेवली आहे, त्याच्या जर्सीच्या नंबराइतकी. लॉरेन्सविल भागात जुन्या अग्निशमन केंद्राच्या इमारतीत क्लेमेंते संग्रहालय आहे. तिथे आधी वेळ ठरवून जावं लागतं, मुलीला आत्ताच नोंदणी करायला सांगा. आणि मेच्या संध्याकाळी नदीवर गार वारा असतो, स्वेटर विसरू नका.